निरसं दूध, उंटिणीचं

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये सकाळी दारात येतं ते गाई-म्हशीचं दूध. कुणाकडे पिशवीतलं, कुणाकडे तबेल्यातून किटलीत आणलेलं सुटं. उंट इथे कुणी पाळत नाही. तरीही साखरेचा आजार, पोरांची दुधाची अ‍ॅलर्जी किंवा अशक्तपणा असा विषय निघाला की उंटिणीच्या दुधाचं नाव आता या भागातही निघतं. याचं मला नवल वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने जी छावणी उभारली, तिच्याच बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. कॅम्पांचे आकडे मात्र आजही पत्त्यात आहेत. ही माणसं ज्या मुलखातून आली, तिथे कराचीच्या रस्त्यांवर मालाने लादलेल्या उंटगाड्या चालत आणि थरपारकरच्या वाळूत उंटिणीचं दूध हे रोजचं अन्न होतं. आजी-आजोबांच्या बोलण्यात कधीतरी डोकावणारं ते दूध आता नातवाच्या मोबाइलवर जाहिरात होऊन आलं आहे. पावडर, गोठवलेली बाटली, चॉकलेट, सगळं घरपोच मिळतं.

या जाहिरातींमध्ये आणि त्याहून जास्त तोंडोतोंडी सल्ल्यांमध्ये एक गोष्ट वारंवार येते: दूध कच्चंच प्यावं, तापवलं की त्यातलं सत्त्व जातं. मला या प्रकरणात याच म्हणण्याचा मागोवा घ्यायचा आहे. उंटिणीचं दूध हे उत्तम अन्न आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या गुणांचा निरसेपणाशी फारसा संबंध नाही. धोक्याचा मात्र जवळजवळ सगळा संबंध निरसेपणाशीच आहे.

आपल्या परंपरेला हे दूध परकं नाही. चरकसंहितेत आठ प्रकारची दुधं सांगितली आहेत, त्यांत गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याबरोबर उंटीणही आहे. तिचं दूध रूक्ष, उष्ण, हलकं आणि किंचित खारट असतं, पोटफुगी, सूज, कृमी, मूळव्याध अशा तक्रारींत उपयोगी पडतं, असं तिथलं वर्णन आहे. खारटपणाची नोंद तर आजही जशीच्या तशी पटते. वाळवंटात खारट झुडपांवर चरलेल्या उंटिणीच्या दुधाला खरोखरच खारट झाक असते. महाराष्ट्रातही उंट होते. शिवकालीन अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना होता, सांडणीस्वार टपाल नेत, मराठी फौजांत उंटांच्या पाठीवर शुतरनाळा, म्हणजे छोट्या तोफा, चालत. पण इथे उंट ओझ्याचा आणि लढाईचा प्राणी होता. त्याचं दूध मराठी स्वयंपाकघरात कधी आलं नाही, आणि त्यामुळे त्याच्या गुणदोषांचं घरगुती शहाणपणही आपल्याकडे तयार झालं नाही.

या दुधाचं सगळ्यात विलक्षण वैशिष्ट्य पाण्याशी जोडलेलं आहे. गाय तहानलेली असेल तर तिचं दूध आटतं. उंटीण तहानली की तिचं दूध पातळ होतं. इस्रायलमधले रूव्हेन यागील आणि झ. एत्झिऑन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंटिणींना मोजकंच पाणी दिलं, तेव्हा दुधातलं पाण्याचं प्रमाण सुमारे ९१ टक्क्यांपर्यंत चढलं आणि स्निग्धांश ४.३ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आला. आई स्वतः तहानलेली असताना पिल्लाला मात्र जास्त पाणी पाजते. वाळवंटात पिल्लू जगावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. दुधाची भेसळ तपासणाऱ्याची मात्र यामुळे पंचाईत होते. लॅक्टोमीटर हाती घेतलेल्या माणसाला तहानलेल्या उंटिणीचं अस्सल दूध पाणी घातल्यासारखंच दिसेल. कायद्याने या दुधाचं प्रमाण ठरवायला इतका वेळ का घेतला, याचं एक कारण इथे आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता पोषणाकडे. उंटिणीच्या दुधात गाईच्या दुधाच्या तुलनेत जीवनसत्त्व क साधारण तिप्पट ते पाचपट असतं. हा आकडा प्रत्येक जाहिरातीत असतो आणि तो खरा आहे. पण कशाच्या तिप्पट? गाईच्या दुधात क जीवनसत्त्व मुळातच नगण्य. उंटिणीच्या एक लिटर दुधात ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेलाभर दुधात सुमारे सहा. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असतं. महिनोन्‌महिने ताजं फळ किंवा भाजी दृष्टीस न पडणाऱ्या पशुपालकाला ते सहा मिलिग्रॅम अमोल आहेत. त्याच दुधाने त्याला स्कर्व्हीपासून वाचवलं. उल्हासनगरच्या भाजीबाजारात पेरू, लिंबू, आवळा सगळं मिळतं. तिथे राहणाऱ्या माणसाने क जीवनसत्त्व वाचवण्यासाठी दूध न तापवता पिणं हा घाट्याचा सौदा आहे. शिवाय पाश्चरीकरणात या जीवनसत्त्वाचा साधारण पाव हिस्साच जातो, बाकीचं टिकतं.

खरं मोलाचं वेगळेपण प्रथिनांत आहे. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात नसतं. दुधाच्या अ‍ॅलर्जीला कारण ठरणाऱ्या प्रमुख प्रथिनांपैकी ते एक आहे. त्यामुळे गाईचं दूध न सोसणाऱ्या काही मुलांना उंटिणीचं सोसतं. ‘काही’ यावर मी मुद्दाम जोर देतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ते पहिल्यांदा पाजायचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाजावं. ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही त्यांनी हेही लक्षात घ्यावं की ती साखर या दुधात गाईच्या दुधाइतकीच असते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी उंटिणीचं देऊ नये, जसं गाईचंही देऊ नये.

कप्पा-केसिन हे प्रथिन या दुधात फारच थोडं असतं, आणि दह्याची पकड त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून या दुधाला विरजण लावलं तर दही घट्ट बसत नाही, पनीर करायला गेलं तर भुसभुशीत चुरा होतो. स्निग्धकण बारीक आणि वर चढून एकत्र न येणारे, म्हणून सायही म्हशीच्या दुधासारखी धरत नाही. यातून घरी दही-लोणी-तूप करायची अपेक्षा ठेवणाऱ्या बाईची निराशाच होईल. हे दूध पिण्याचं, चहाचं, फार तर खिरीचं आहे.

मधुमेहाच्या दाव्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. या दाव्यामागे खरंखुरं संशोधन आहे आणि ते आपल्याच देशातलं आहे. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. आर. पी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या राईका या उंटपाळ समाजाचा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत उंटिणीचं दूध पिणाऱ्या राईकांमध्ये मधुमेह आढळला नाही. पुढे त्यांनी टाइप-१ मधुमेहाच्या २४ रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध दिलं. त्या १२ जणांची इन्सुलिनची गरज घटली, तिघांची तर शून्यावर आली, असा निष्कर्ष २०११ मध्ये छापला गेला.

हे आकडे वाचून कुणाचीही उमेद वाढेल. पण ती एका शहरातली १२ माणसं आहेत, आणि ती सगळा काळ डॉक्टरांच्या नजरेखाली होती. त्यांची साखर सतत मोजली जात होती, इन्सुलिनचा डोस त्या मोजणीवरून ठरत होता. राईकांचं म्हणाल तर ते जनावरांमागे दिवसभर चालतात, बाजरी खातात. दुकानात दहा तास बसणाऱ्या उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने त्यांच्या आयुष्यातलं फक्त दूध उचललं तर बाकीचं राईकापण त्याच्याकडे येणार नाही. दुधात इन्सुलिनसारखं द्रव्य असतं हे मोजून दाखवलं गेलं आहे. ते पोटातल्या आम्लातून सहीसलामत रक्तात पोहोचतं, हे सिद्ध झालेलं नाही. ज्या मुलाला टाइप-१ मधुमेह आहे त्याचं इन्सुलिन या दुधाच्या भरवशावर बंद केलं तर काही दिवसांत ते मूल अत्यवस्थ होऊ शकतं, दगावू शकतं. हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिता येईल तितक्या वेळा लिहायला तयार आहे.

आता निरसेपणाच्या धोक्याकडे वळू. त्यासाठी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर जावं लागेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येई. चढे, उतरे, पुन्हा चढे, महिनोन्‌महिने माणूस खंगत जाई. १८८७ मध्ये लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू वेगळा केला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टातल्याच डॉक्टरांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात सापडला. दारोदार शेळ्या नेऊन ग्राहकासमोर धार काढून देण्याची तिथे पद्धत होती. दूध ताजं, डोळ्यांदेखतचं, पाण्याचा थेंब नसलेलं. पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने ओसरला.

त्याच जंतूंचा आजार आज ब्रुसेलोसिस म्हणून ओळखला जातो आणि तो उंटांनाही होतो. डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध म्हणजे शुद्ध दूध, हा आपला जुना विश्वास भेसळीपुरता खरा आहे, जंतूंपुरता नाही. जनावर आजारी दिसेलच असं नाही, दुधाचा रंग-वास बदलेलच असं नाही. माणसाला ताप येतो तो दूध प्यायल्यानंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. ताप, रात्री दरदरून घाम, सांधे आणि कंबर दुखणं, भूक मरणं. पावसाळ्यात उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या दवाखान्यांत असा रुग्ण आला तर डॉक्टरांच्या मनात आधी मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड येणार, ताप लांबला तर क्षय. त्यात त्यांची चूक नाही. दीड-दोन महिन्यांपूर्वी निरसं दूध प्यायलो होतो, हे रुग्णाने आपणहून सांगितलं तरच योग्य तपासणी लवकर होते. उपचार आहेत, पण दोन प्रतिजैविकं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि अर्धवट सोडली तर दुखणं उलटतं.

उंटांच्या बाबतीत आणखी एक नवं नाव जोडलं गेलं आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स हा कोरोना विषाणू माणसात पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्याचा माग एका वशिंडाच्या उंटांपर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटना तेव्हापासून उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नका असं सांगते आहे. प्रयोगशाळेत दुधात हा विषाणू घालून पाहिला तेव्हा ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजच्या थंडीत, तो तीन दिवसांनंतरही जिवंत होता. ६३ अंशांवर अर्धा तास ठेवल्यावर तो उरला नाही. या उद्रेकांचा मुख्य पट्टा अरबस्तानचा आहे. भारतातल्या उंटिणीच्या पेल्यात मर्स आहे असं सुचवण्यासाठी मी हे सांगत नाही. फ्रिज आणि गॅसची शेगडी यांच्या कामांत केवढा फरक आहे, ते यातून दिसतं. थंडी जंतूंना झोपवते. मारते ती उष्णता.

मराठी घरात, आणि सिंधी घरातही, दूध आलं की पहिलं पातेलं गॅसवर चढतं. ऊत येईपर्यंत तापवण्याची ही सवय कुणी शास्त्र म्हणून शिकवलेली नाही. ब्रुसेलोसिस, क्षय, आतड्यांचे जंतू, सगळ्यांना ती पुरून उरते. गाईचं पिशवीतलं, आधीच पाश्चरीकृत दूधसुद्धा आपण पुन्हा तापवतो. मग राजस्थानातून किंवा कच्छमधून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेलं, कुठे वितळलं कुठे पुन्हा गोठलं ते न कळणारं दूध तेवढं निरसं का प्यायचं? प्रथिनांच्या घडणीत उकळण्याने फरक पडतो हे खरं; पण प्रथिनांचं आणि कॅल्शियमचं पोषण जात नाही, आणि नसलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन काही तापवल्याने तयार होत नाही.

डेअरीवाल्यांपुढे मात्र एक खरी अडचण आहे, ती कमी लोकांना माहीत असते. गाईचं दूध नीट पाश्चरीकृत झालं की नाही हे ओळखायला अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची चाचणी करतात. योग्य उष्णतेला ते नष्ट होतं, म्हणजे चाचणी नकारात्मक आली की दूध सुरक्षित. उंटिणीच्या दुधातलं हेच विकर उष्णतेला दाद देत नाही. दूध व्यवस्थित तापलं तरी चाचणी ‘कच्चं’ म्हणून सांगते. म्हणून संशोधकांनी दुसऱ्या विकरांचा पर्याय सुचवला आहे. गाईसाठी बनवलेली मोजपट्टी उंटिणीला लावली की असं होतं.

मोजपट्टीचा हाच घोळ कायद्यातही झाला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दूध उत्पादकाला ‘साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ’ हे शब्द पाठ असतात, कारण त्यावर त्याचा भाव ठरतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ. उंटिणीचं दूध या मापात बसणारच नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्ये या दुधासाठी स्वतंत्र प्रमाण आणलं: किमान ३ टक्के फॅट आणि ६.५ टक्के एसएनएफ. कच्छच्या उंटिणींचं दूध त्यातही कमी पडे. मग ते प्रमाण २ टक्के आणि ६ टक्के असं उतरवलं गेलं. वरवर पाहता ही सूट वाटेल. माझ्या मते ती उशिरा झालेली दुरुस्ती होती. ऋतू, चारा आणि तहान यांप्रमाणे बदलणाऱ्या दुधाला अशी खालची पायरी नसेल तर प्रामाणिक पशुपालकच भेसळखोर ठरतो.

प्रमाण बदललं आणि बाजार उघडला. कच्छची सरहद डेअरी तिथल्या पशुपालकांकडून, म्हणजे मालधारींकडून, दूध गोळा करू लागली आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने गांधीनगर, अहमदाबाद आणि कच्छमध्ये अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना आणली. थंड ठेवून ती तीन दिवस टिके.

भारतात निरसं दूध विकणं हा गुन्हा नाही. सुट्या दुधावर चालणाऱ्या देशात तसा कायदा टिकलाही नसता. अमेरिकेत १९८७ पासून निरसं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे. आपल्याकडे विक्रेत्याने अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा, दूध प्रमाणात असावं, भेसळ नसावी एवढी अपेक्षा आहे. पण औषधी दावे करायला आपला कायदा परवानगी देत नाही. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ज्या आजारांच्या उपचारांची जाहिरात करायला मनाई करतो, त्या यादीत मधुमेह आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमात फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अमेरिकेतही २०१६ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने उंटिणीच्या दुधाच्या एका विक्रेत्याला, ऑटिझमसारख्या विकारांवर गुण येतो असं सांगितल्याबद्दल, ताकीद दिली होती. म्हणजे ‘शुगर मुळापासून घालवतं’ असं छापणारा डबा उल्हासनगरच्या दारात आला तर त्यातलं दूध कसं का असेना, त्यावरचा मजकूर बेकायदेशीर आहे. ठाणे जिल्ह्यात अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे करता येते, आणि ती करावी.

या सगळ्यात उंटीण आणि तिला सांभाळणारा माणूस नजरेआड होतो. उंटीण तेरा महिने गाभण असते. पान्हा सोडते तो पिल्लू अंगाशी असेल तरच, आणि तोही मिनिट-दीड मिनिटच टिकतो. तेवढ्यात धार काढायची. चार सडांपैकी दोन पिल्लाला ठेवायचे ही कळपाची जुनी रीत. राईकांमध्ये दूध विकणं म्हणजे पोटचं पोर विकणं असं मानलं जाई. ती मर्यादा त्यांनी हौसेने ओलांडली नाही. ट्रॅक्टर आणि टेम्पोंनी उंटाचं ओझ्याचं काम हिरावून घेतलं, चराऊ जमिनी गेल्या. २०१९ च्या पशुगणनेत देशात उंट सुमारे अडीच लाख उरले होते, सात वर्षांपूर्वीपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी.

महाराष्ट्रात उंट दिसतात ते मुख्यतः कच्छी रबारींचे. विदर्भात त्यांची कुटुंबं मेंढ्यांमागे फिरतात आणि उंटांच्या पाठीवर खाटा, भांडी, कोकरं, लहान मुलं लादलेली असतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छहून पायी आणलेले ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले, ते हैदराबादला कत्तलीसाठी चालले आहेत अशा तक्रारीवरून. रबारींचं म्हणणं होतं की ते उंट विदर्भातल्या नातलगांकडे न्यायचे होते. उंट गोरक्षण संस्थेत ठेवले गेले आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने मालकांना परत मिळाले. मला त्या प्रकरणात खटकली ती एक गोष्ट: हे उंट म्हणजे कुणाच्या तरी घरचं चालतं-फिरतं धन आणि चहापुरतं दूध असू शकतं, ही शक्यताच आधी कुणाला सुचली नाही.

उद्या असा एखादा तांडा कल्याण-मुरबाड रस्त्याने आला आणि उंटिणीचं ताजं दूध मिळालं, तर रबारीला योग्य पैसे देऊन ते जरूर घ्यावं. किंचित खारट चव आवडते का ते पाहावं. त्याआधी पातेल्यात ओतून ऊत येऊ द्यावा. रबारीसुद्धा त्या दुधाचा चहा उकळूनच पितो.